ऑइल कमी झालेलं नाही, वाढलेलं बघा
एक सल्ला ऐकायला मिळतो की रनिंग कमी आणि सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असेल तर जुनी डिझेल लक्झरी एसयूव्ही बिनधास्त घ्यावी. रेकॉर्डचं पटलं, कमी रनिंगचं अजिबात नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यातली काजळी जाळायला साधारण ६०० अंश तापमान लागतं, आणि त्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सोडलं जातं. रोज फक्त शाळा-बाजार करणाऱ्या गाडीत हे जळणं अर्धवट राहतं, डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. पातळ ऑइल म्हणजे टर्बो आणि बेअरिंगचं मरण.

मेहुण्यासाठी ठाण्यात अशीच एक बघितली, चार वर्षांत १८,००० किमी. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! मेकॅनिकने दोन थेंब टिश्यूपेपरवर टाकले. काळा डाग मधे राहिला, भोवती फिकट ओली कड पसरत गेली, वास सरळ डिझेलचा. तिथूनच परत फिरलो. काही मॉडेलांना डिपस्टिकच नसते, तिथे स्क्रीनवर लेव्हल बघा आणि शेवटचं रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) किती किलोमीटरपूर्वी झालं ते स्कॅनर लावून काढून घ्याच.