शंभर टक्के लो-फ्लोअर ट्राम: प्रश्न सुटला, की टपावर ढकलला?

खिळा_आणि_रूळ:
कालच्या धाग्यात हिरवा_दिवा यांनी ठोकून दिलंय: "लो-फ्लोअरचा प्रश्न १९९० साली ब्रेमेनमध्येच सुटला. आता गाडीत एक जरी पायरी ठेवली तर तो निव्वळ आळशीपणा." तिथे उत्तर मावेना, म्हणून वेगळा धागा. (लो-फ्लोअर म्हणजे जिची आतली जमीन रुळांजवळ खाली असते, चढायला पायरी नाही अशी ट्राम; शंभर टक्के म्हणजे आतही कुठे पायरी नाही.)

सुटला होता, तर मार्च २००४ मध्ये १,२०,००० किमीच्या वर धावलेल्या सगळ्या कॉम्बिनो ट्राम उभ्या करा, असं त्या बनवणाऱ्या सीमेन्सला का सांगावं लागलं? तडे गेले होते ते भिंत आणि छप्पर जुळतात त्या कोपऱ्यांत. कारण साधं आहे. जमीन ३०० मिमीवर आणली की खाली काही ठेवायला जागाच उरत नाही. कन्व्हर्टर (मोटारींना वीज जुळवून देणारं यंत्र), ब्रेकचे रेझिस्टर, एसी, सगळं टपावर जातं. बोगीला, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटीला, वळायला जागा नाही, म्हणून ती आखूड डब्याखाली जवळपास घट्ट बसवायची आणि दोन आखूड डब्यांच्या मधे बिनचाकी लांब डबा टांगायचा. एस आकाराच्या वळणात पुढची बोगी डावीकडे, मागची उजवीकडे, आणि मधल्या टांगलेल्या डब्याला पीळ. तोही डोक्यावर ओझं घेऊन. हा पीळ हिशेबात कमी धरला गेला.

माझं म्हणणं एवढंच: ७० टक्के जमीन खाली ठेवा, सगळी दारं तिथेच द्या, आणि दोन्ही टोकांना खऱ्या आसाच्या (दोन चाकं जोडणारा दांडा), वळणाऱ्या बोगी ठेवा. चार लोकांना दोन पायऱ्या चढाव्या लागल्या तर आभाळ कोसळत नाही.

हिरवा_दिवा:
तीव्र असहमत. नटबोल्टने जोडलेल्या ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचं पाप जमिनीच्या उंचीवर का फाडताय? त्याच कंपनीने २००६ पासून बुडापेस्टला ५४ मीटरच्या ४० गाड्या दिल्या. शंभर टक्के लो-फ्लोअर, सांगाडा स्टेनलेस स्टीलचा, आणि प्रत्येक डब्याखाली स्वतःची बोगी. टांगलेला डबाच नाही! म्हणजे चूक रचनेची होती, ती सुधारली. आणि "चार लोक" म्हणजे काय हो? बुडापेस्टच्या ४ आणि ६ नंबरच्या मार्गांवर गर्दी बघा. आतली पायरी म्हणजे प्रवासी दारातच थिजणार, प्रत्येक थांब्यावर वेळ जाणार. भरलेल्या ट्रामचं वेळापत्रक थांब्यावर कोसळतं, वेगात नाही.

गिरगाव_टर्मिनस:
मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद केली तेव्हाच सगळं संपलं. आता परदेशातल्या बोगी मोजत बसा.

खिळा_आणि_रूळ:
@गिरगाव_टर्मिनस, अवांतर. त्यासाठी चार धागे आहेत, चारही तुमचेच.
@हिरवा_दिवा, "सुधारली" म्हणता, मग २०२१ मध्ये सिडनीच्या इनर वेस्ट मार्गावरच्या १२ गाड्या का उभ्या राहिल्या? मॉडेल उर्बोस ३. तडे कुठे? चाकं झाकायला डब्यात जी खोकी येतात, त्यांच्यापाशी. बर्मिंगहॅमलाही त्याच वर्षी तेच. घट्ट बोगी वळणात शिरताना आख्खा डबा आडवा ढकलते, धक्का खोक्याच्या कोपऱ्यातल्या वेल्डिंगवर येतो.

पाचर:
भांडा सावकाश, पण डेपोतलं कोणी बोलतच नाहीये. नवं चाक साधारण ६०० मिमी, बाद होतं ५२० च्या आसपास. म्हणजे त्रिज्या ४० मिमीने घटते आणि जमीनही तेवढीच खाली येते. स्प्रिंगखाली वेळेवर पाचरी घातल्या नाहीत तर तुमचा "पायरीविना प्रवेश" फलाटाच्या खाली जातो, आणि चाकाची खुर्ची आतून बाहेर निघताना अडते. वर भरलेल्या गाडीत स्प्रिंग दबतात ते वेगळंच.

हिरवा_दिवा:
मग फलाट थोडा खाली ठेवा.

पाचर:
म्हणजे नव्या चाकांवर उलटा उंबरा! व्हिएन्नाने फलाटाचा नाद सोडून जमीनच १८० मिमीवर आणली, ती यूएलएफ ट्राम. आस नाहीत, डब्यांच्या सांध्यात उभी चौकट, तिच्यात सुटी चाकं, मोटारीसुद्धा उभ्या. बाहेरून पोर्शेचं डिझाइन. पुढची खरेदी मात्र नेहमीच्या बोगीवाल्या फ्लेक्सिटी ट्रामची, दारात २१५ मिमी. काय समजायचं ते समजा.

सुटं_चाक:
"सुटी चाकं" असं नाक मुरडून का? खोक्यांच्या मधे वाट हवी तर आस काढावाच लागतो.

खिळा_आणि_रूळ:
आस काढला की चाकाच्या घेराला दिलेल्या उताराचा उपयोगच गेला. आसावरची जोडी वळणात स्वतःला सावरते: बाहेरचं चाक मोठ्या व्यासावर चढतं, आतलं लहान व्यासावर उतरतं. सुटं चाक रुळाला कडा घासतच राहतं. मग किंचाळणं, कडा पातळ होणं, लेथवर फेऱ्या, तेलाचे फवारे. आणि मीटरगेजवर (दोन रुळांत एक मीटर) तर चाकांच्या पाठींमधलं अंतरच मीटरच्या आत. त्यातून चाक हलायची जागा आणि खोक्याच्या दोन भिंती वजा करा, मग सांगा "वाट".

हिरवा_दिवा:
मीटरगेजचं नाव काढलंत हे बरं झालं. हेलसिंकी. व्हॅरिओट्राम मॉडेलने त्यांना रडवलं, मान्य. मग त्यांनी आर्टिक ट्राम बनवून घेतली: मीटरगेज, वळणाऱ्या बोगी, खरे आस, आणि आत एकही पायरी नाही. बोगीवर जमीन उताराने चढते. आता बोला.

खिळा_आणि_रूळ:
उतार! म्हणजे जमीन वर घेतलीच की. मी पायरी म्हटलं, तुम्ही घसरगुंडी म्हणा.

हिरवा_दिवा:
घसरगुंडीवरून बाबागाडी जाते, पायरीवरून नाही. शब्दांचे खेळ पुरे. प्रागची १५टी ट्राम घ्या: सगळ्या बोगी वळणाऱ्या, दारात ३५० आणि सांध्यातल्या बोगीवर ४५० मिमी.

सुटं_चाक:
आणि १६ चाकांना १६ मोटारी, कायमचुंबकी सिंक्रोनस. तसल्या दोन मोटारी एका इन्व्हर्टरवर (मोटारीला वीज पुरवणारं यंत्र) नीट चालत नाहीत, प्रत्येकीला आपापला लागतो. ते कुठे ठेवायचे? टपावर. :)

पाचर:
टप म्हटलं की कोणी डेपोचा खर्च धरत नाही. जुन्या डेपोत रुळांमधले खड्डे असतात, खालून काम करायला. लो-फ्लोअर आली की खालून बघायला चाकंच उरतात. टपाच्या उंचीचा कठडेवाला मचाण, वरची तार बंद करून कुलूप घालायची सोय, रेझिस्टर उचलायला क्रेन. हे नसलं तर एक बिघडलेला कन्व्हर्टर गाडी आठवडाभर अडवतो.

खिळा_आणि_रूळ:
ठीक. १५टी वळणात रुळांना छळत नाही, हे कबूल. प्रागला ते कळायला आधी १४टी घ्यावी लागली: घट्ट बोगी, पुन्हा पोर्शेचं नाक. नाकाने गाडी वळत नाही.

हिरवा_दिवा:
चला, "७० टक्केच" वरून "वळणारी बोगी" वर आलात. ती मला पहिल्यापासून चालत होती. पायरी नाही.

खिळा_आणि_रूळ:
१९९० साली सुटला म्हणालात, पुरावा २००० नंतरच्या गाड्यांचा देताय. ते वाक्य मागे घ्या, मग पायरीचं बघू.

गिरगाव_टर्मिनस:
पाचवा धागा काढलाय.