लहान राज्यांच्या जागांची हमी घटनेत नेमकी कुठे असते?

प्रश्न: निव्वळ लोकसंख्येवर जागा वाटल्या तर चिमुकल्या राज्याच्या वाट्याला अपूर्णांक उरतो. संघराज्यांच्या घटना यावर काय तोडगा काढतात? वरच्या सभागृहात सगळ्यांना सारख्या जागा दिल्या की झालं? आणि उद्या मोठ्या राज्यांनी मिळून ती सोयच काढून टाकली तर?

प्रतिसाद १: सोय दोन्ही सभागृहांत असते. खालच्या सभागृहात किमान जागा ठरवतात. अमेरिकेत ४३५ पैकी ५० जागा आधी प्रत्येक राज्याला एक अशा देऊन टाकतात, उरलेल्या ३८५ लोकसंख्येप्रमाणे. ऑस्ट्रेलियात कलम २४ मुळे मूळ राज्याला (संघराज्य स्थापन करणाऱ्यांपैकी) किमान ५. टास्मानियाला नुसत्या हिशेबाने तेवढ्या मिळाल्याच नसत्या. कॅनडात १९१५ पासून प्रांताचे खालच्या सभागृहातले खासदार त्याच्या सिनेटरांपेक्षा (वरच्या सभागृहातल्या सदस्यांपेक्षा) कमी असू शकत नाहीत, म्हणून प्रिन्स एडवर्ड आयलंडचे ४ टिकून आहेत.

वरच्या सभागृहात अमेरिकेत राज्यामागे २ सिनेटर, ऑस्ट्रेलियात सध्या १२. जर्मनीचा मार्ग मधला: बुंडेसराटमध्ये, म्हणजे राज्यांच्या सभागृहात, राज्याला किमान ३ मतं, २० लाखांवर लोकसंख्या गेली की ४, ६० लाखांवर ५, ७० लाखांवर ६. मात्र राज्याची मतं एकगठ्ठाच पडावी लागतात.

प्रतिसाद २: खरा प्रश्न शेवटचा आहे. आकडा बदलायला कोणाची संमती लागते ते आधी बघा. अमेरिकेत राज्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय सिनेटमधला त्याचा समान वाटा काढता येत नाही (कलम ५). ऑस्ट्रेलियात कलम १२८ प्रमाणे त्या राज्यातल्या मतदारांचं बहुमतही लागतं. कॅनडातली ती किमान मर्यादा हलवायची तर झाडून सगळे प्रांत राजी हवेत. एक खाच मात्र आहे: ऑस्ट्रेलियाची हमी 'मूळ' राज्यांपुरती. नवं राज्य आलं तर त्याच्या जागा संसद ठरवेल.

प्रतिसाद ३: भारतात हे कवच पातळ आहे. राज्यसभेच्या जागा घटनेच्या चौथ्या अनुसूचीत दिल्या आहेत: उत्तर प्रदेशला ३१, गोवा आणि सिक्कीमला एकेक. लोकसभेत ६० लाखांपर्यंत लोकसंख्येच्या राज्यांना कलम ८१ जागा आणि लोकसंख्येचं प्रमाण सगळीकडे सारखं ठेवण्याच्या अटीतून सूट देतं. एरवी बदलासाठी विशेष बहुमत आणि निम्म्या विधानसभांची मान्यता लागते. ही मोजणी राज्यागणिक, म्हणजे सिक्कीमचं वजन उत्तर प्रदेशाइतकंच. पण ज्याची जागा जाते त्याला नकाराधिकार नाही. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात तर अनुसूची साध्या बहुमताने बदलते, विधानसभेचं फक्त मत मागवतात. शिवाय २००३ पासून राज्यसभेच्या उमेदवाराला त्या राज्यातला मतदार असण्याची अट नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते वैध ठरवलं. त्यामुळे गोव्याच्या एकुलत्या एका जागेवर गोव्याबाहेरचा मतदारही बसू शकतो.