हे गाणं नक्की कुठल्या पुराचं?

तबकडीवेडा: सध्या जुने ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी) ऐकतोय आणि पुरावरची गाणी इतकी निघतायत की विचारू नका. गायिका बेसी स्मिथचं 'बॅकवॉटर ब्लूज' जिथेतिथे १९२७ च्या मिसिसिपीच्या पुराचं म्हणून सांगतात, पण रेकॉर्डिंग आहे फेब्रुवारी १९२७ चं आणि मोठे बांध फुटले एप्रिलमध्ये! मग हे कुठल्या पुराचं? आणि अशा गाण्यांनी पूरग्रस्तांना काही मिळतं का, की आपणच ऐकून हळहळायचं?

खर्जातला_सा: अमेरिकेतल्याच नॅशव्हिल शहराच्या पुराचं असावं असं मानतात, १९२६ च्या नाताळात तिथे कंबरलँड नदीला पूर आला होता. पण गाण्यात नदीचं नावच नाहीये. पाच दिवस पाऊस, मग होडी, मग घर गेलं, एवढंच. त्यामुळे एप्रिलनंतर मिसिसिपीकाठी लाखो लोक बेघर झाले त्यांना ते आपलंच वाटलं असणार, त्यात चूक काय

निमशहरी: मला उलट नावं घेणारी गाणी जास्त भिडतात. ब्लूज गायक चार्ली पॅटनचं १९२७ च्या पुरावरचं 'हाय वॉटर एव्हरीवेअर' ऐक, १९२९ चं, तबकडीच्या दोन्ही बाजू भरून आहे. ग्रीनव्हिल, लेलँड, रोझडेल अशी मिसिसिपी राज्यातली गावं घेत जातो आणि मधेच म्हणतो डोंगराकडे गेलो असतो पण मला अडवलंय. हे नुसतं काव्य नाही हां, ग्रीनव्हिलला काळ्या मजुरांना बांधावरच्या छावण्यांत पहाऱ्यात ठेवून राबवून घेतलं होतं, जाऊ देत नव्हते. पेपरवाले पाण्याची उंची मोजत होते, हा माणूस कुणाला सोडलं नाही ते सांगतोय.

बेसूर_पण_मनापासून: मदतीचं म्हणशील तर १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचा बांगलादेशसाठीचा गाण्यांचा कार्यक्रम. आधी चक्रीवादळ, मग युद्ध, म्हणून रविशंकरांनी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली. पैसा जमला पण बराचसा कराच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकून पडला. नाव मात्र जगभर झालं देशाचं, तेही कमी नाही.

खर्जातला_सा: आणि रँडी न्यूमनचं त्याच १९२७ च्या पुरावरचं 'लुइझियाना १९२७' आहे १९७४ चं, पण २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ आल्यावर टीव्हीवर मदतीच्या कार्यक्रमात आरन नेव्हिलने तेच गायलं. नवं लिहायला वेळ कुणाला होता, जुनं चपखल बसत होतं.

तबकडीवेडा: पॅटन लावला आत्ता. रेकॉर्ड इतकी घासलेली आहे की निम्मे शब्द कळत नाहीत, कुठे लिहिलेले मिळतील?

निमशहरी: मिळतील, पण प्रत्येकाने वेगळंच ऐकलेलं असतं. दोनतीन समोर ठेव आणि हेडफोन लाव.