अब्जाधीश सत्तेत आले की लोक का संतापतात?

मूळ मांडणी

अब्जाधीशांवरील लोकांचा राग म्हणजे निव्वळ मत्सर, असे म्हणून तो झटकून टाकण्याची जुनी रीत मला मुळातच चुकीची वाटते. २०२४ च्या अमेरिकी निवडणुकीत इलॉन मस्क यांनी डोनाल्ड ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम ओतली. २० जानेवारी २०२५ रोजी सरकारी खर्चकपातीसाठी ‘डोज’ ही यंत्रणा उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा मस्कच होते. त्यांच्या स्पेसएक्स या अंतराळ कंपनीकडे त्याच सरकारची अब्जावधी डॉलरची कंत्राटे होती. हितसंबंध आड आले तर मस्क स्वतःहून बाजूला होतील, असे व्हाइट हाउसकडून सांगण्यात आले. म्हणजे ज्याच्याविषयी शंका घ्यायची, त्यालाच तिचा निवाडा सोपवण्यात आला. आपल्या नातेवाइकाच्या निविदेवर सही करणाऱ्या कारकुनाला जी सवलत कोणी देणार नाही, ती जगातील सर्वांत श्रीमंत माणसाला मिळते, हे पाहून लोक मस्क यांच्याच टेस्ला या मोटार कंपनीच्या दालनांसमोर निदर्शने करू लागले, तर त्यांना मत्सरी कसे म्हणावे? (रस्त्यात उभ्या असलेल्या परक्या माणसाच्या गाडीची नासधूस मात्र मला अजिबात मान्य नाही.)

प्रतिसाद १

आपला संताप प्रामाणिक आहे, परंतु पैशाच्या ताकदीविषयीचे आपले गृहीतक मला पटत नाही. अब्जाधीश उद्योजक मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी सुमारे १०० कोटी डॉलर खर्च केले आणि त्यांना जिंकता आली ती केवळ अमेरिकन सामोआ या पॅसिफिकमधील छोट्या अमेरिकी प्रदेशातील लढत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी २ कोटी डॉलरहून अधिक खर्च करूनही त्यांचा उमेदवार हरला. मतदार विकला जात नाही, हेच यातून दिसते. शिवाय अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट श्रीमंत घराण्यातलेच होते, तरीही १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा त्यांच्याच सहीने झाला. माणसाला त्याच्या संपत्तीवरून नव्हे, तर कामावरून जोखावे. लाभाची शंका असेल तर कडक कायदा करावा. रागाने काय साधणार?

मूळ लेखकाचे उत्तर

मतपेटीतून हरलेला पैसा नियुक्तीच्या दाराने आत येतो, हाच तर माझा मुद्दा आहे. मस्क यांना कोणीही मत दिलेले नव्हते. कायद्याविषयी म्हणाल तर इटलीकडे पाहावे. तीन राष्ट्रीय दूरचित्रवाहिन्यांमागील उद्योगसमूहाचे मालक असलेले सिल्व्हियो बर्लुस्कोनी पंतप्रधान असतानाच २००४ मध्ये हितसंबंधांविषयीचा कायदा झाला, आणि त्याने सत्ताधाऱ्याला कंपनी चालवण्यास मनाई केली, कंपनीची मालकी ठेवण्यास नाही. ज्याच्यावर बंधन घालायचे तोच सत्तेत असेल, तर कडक कायदा करणार कोण? थायलंडमध्ये अब्जाधीश पंतप्रधान थाकसिन यांच्या कुटुंबाने जानेवारी २००६ मध्ये शिन कॉर्पोरेशन या दूरसंचार कंपनीतील आपला हिस्सा सुमारे ७३ अब्ज बाहतला विकला आणि त्या व्यवहारावर कर भरला नाही. कायद्यातील पळवाट शाबूत होती. लोक रस्त्यावर उतरले ते तिच्यामुळेच.

प्रतिसाद २

थायलंडचे उदाहरण अर्धवट सोडू नये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लष्कराने सत्ता ताब्यात घेतली. लोकांच्या रागाचा लाभ लोकांना झाला नाही. म्हणून व्यक्तीवरचा राग मला धोक्याचा वाटतो, मात्र मूळ मांडणीतील चिंता मी नाकारत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये देणग्यांवरील मर्यादा कायम ठेवली, पण उमेदवाराने स्वतःच्या खिशातून करायच्या खर्चावरील मर्यादा रद्द केली. २०१० च्या निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या, प्रचारखर्चालाही मोकळीक मिळाली. मस्क यांनी सरकारी जबाबदारी २०२५ च्या मे अखेरीस सोडली, परंतु हे दोन्ही निकाल जागच्या जागी आहेत. टेस्लाच्या दालनांसमोर जमलेल्या निदर्शकांपैकी किती जणांच्या मागण्यांत हे निकाल होते, असा माझा मूळ लेखकाला प्रश्न आहे.