सही जुळेना म्हणून कळलं. पार्किन्सन्स, तीन आठवडे झाले

रेघोटी
नमस्कार. वय ५७, पुरुष. तीन आठवड्यांपूर्वी न्यूरॉलॉजिस्टनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, असल्याचं सांगितलं. तेव्हापासून वाचतोय, पण सापडतं ते एक तर पहिल्या पानावरचं नाही तर थेट शेवटच्या. मधली पानं कोणी लिहीत नाही, म्हणून इथे विचारतोय.

माझी सुरुवात कंपाने झालीच नाही. बँकेने चेक परत केला, सही जुळत नाही म्हणून. मी तिथे आवाज चढवून आलो. घरी येऊन कोऱ्या कागदावर एकाखाली एक दहा सह्या केल्या. पहिली बरी, पाचवी आक्रसलेली, दहावी म्हणजे मेलेली मुंगी. तीस वर्षं हिशेब लिहून पोट भरलेला माणूस मी, स्वतःचंच अक्षर परकं वाटलं. मग बायको म्हणाली, "तुम्ही हल्ली एक हात खिशात घातल्यासारखे चालता, खिसा नसला तरी." उजवा हात चालताना हलतच नव्हता. वास येणं तर सात-आठ वर्षांपूर्वीच गेलं होतं आणि झोपेत लाथा झाडायचो. ही सगळी एकाच घरची मंडळी, हे आत्ता कळलं.

एमआरआय नॉर्मल आला तेव्हा मी खूश. डॉक्टर म्हणाले, या आजारात तो बहुधा नॉर्मलच येतो. त्यांनी निदान केलं ते चिमटीची उघडझाप करायला लावून, मनगट फिरवून बघून आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये चालवून.

त्यावरची लिव्होडोपा-कार्बिडोपाची अर्धी गोळी दिवसातून तीनदा चालू आहे. प्रश्न असे:
रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, जेवणाबरोबर घेतली तर घेतल्यासारखी वाटत नाही. काय करता?
शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं जातात.
कामावर सांगायचं का? हात कामात असला की थरथरत नाही, मांडीवर नुसता ठेवला की सुरू. मीटिंगमध्ये नेमका तो नुसताच असतो.
आणि बायको दिवसातून चारदा विचारते, "चिडलात का?" मी चिडलेला नसतो. चेहराच तसा राहतो. चौथ्यांदा विचारल्यावर मात्र खरंच चिडतो.

पावणेआठ
माझ्या नावातच माझी सकाळची गोळी आहे. नऊ वर्षं झाली मला.

मळमळ बहुतेकांची काही आठवड्यांत बसते. तोवर गोळीबरोबर दोन घास कोरडं काही खा, पण दूध, अंडं असलं प्रथिनांचं नको. प्रथिनं आणि लिव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच दाराने जातात. गर्दी झाली की गोळी बाहेर उभी. म्हणून जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. लोहाची गोळी चालू असेल तर तीही हिच्यापासून लांब ठेवा. घरातली उलटीची गोळी मनाने घेऊ नका. त्यातलं मेटोक्लोप्रमाइड हे औषध डोपामाइनलाच अडवतं, म्हणजे मेंदूतलं जे रसायन आपल्याला आधीच कमी पडतं त्यालाच, आणि त्याने आपला आजार वाढल्यासारखा होतो. त्यावर काय चालेल ते डॉक्टरांना विचारा.

वही घाला. गोळी कधी घेतली, कधी चढली, कधी उतरली. पुढच्या भेटीत "बरं आहे" म्हणण्यापेक्षा ती वही टेबलावर ठेवायची. हिशेबनीस आहात, तुम्हाला काय सांगायचं.

वेळ का सांभाळायची ते मी आडवी पडून शिकले. एका साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाले होते, तिथे गोळ्या वाटपाच्या वेळेनेच मिळायच्या. माझी दोन तास उशिरा आली. तेवढ्यात मला कूससुद्धा बदलता येईना, आणि सिस्टर म्हणत होत्या, "जरा सहकार्य करा." आता वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून बरोबर नेते.

आणखी एक, कुणी लवकर सांगत नाही ते. मला मध्यंतरी प्रामिपेक्सोल ही याच आजारावरची दुसरी गोळी सुरू केली होती. हात छान चालायला लागला आणि मी रात्री दोन वाजता पडदे मागवायला लागले. चौदा पडदे. घरात खिडक्या पाच. मला त्यात वावगं काही वाटतच नव्हतं, मुलाने हिशेब मांडला तेव्हा कळलं. या जातीच्या गोळ्यांनी खरेदी, जुगार असली ओढ काहींना लागते. तसली गोळी कधी मिळाली तर घरच्यांना लक्ष ठेवायला सांगा, आणि आपल्या मनाने एकदम बंद मात्र करू नका. माझी डॉक्टरांनी हळूहळू उतरवली.

कामावर मी चौथ्या वर्षी सांगितलं. तोवर हात मांडीखाली दाबून बसायचे. ताणाने कंप वाढतो, आणि लपवण्याइतका ताण दुसऱ्या कशाचाच नव्हता. तुमचं काय ते तुम्ही ठरवा.

सहजच
आमच्या ओळखीत एकांना खाजकुयलीच्या चूर्णाने खूप फरक पडला. नैसर्गिक आहे, गोळ्यांबरोबर घेऊन बघायला हरकत नाही.

पावणेआठ
@सहजच, फरक पडणारच, खाजकुयलीच्या बियांत लिव्होडोपाच असतं. म्हणूनच हरकत आहे. चमच्यात किती आलं ते कुणी मोजलेलं नसतं आणि वर गोळी आहेच. घ्यायचं तर डॉक्टरांना सांगून.

चारपावलं
मी फिजिओथेरपिस्ट आहे, पार्किन्सन्सचे पेशंट रोज बघते. @रेघोटी, तुम्हाला चालवून निदान केलं त्यात नवल नाही. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली हा आजार मांडला तो सहा जणांवरून, आणि त्यांतल्या काहींना तर त्यांनी रस्त्यातच पाहिलं होतं.

या आजारात मेंदू हालचालीचं माप लहान धरतो. तुम्हाला वाटतं पाऊल नेहमीएवढं टाकलं, ते पडलेलं असतं निम्मं. सही, आवाज, चेहरा, सगळीकडे हेच माप. म्हणून मुद्दाम मोठं करायचं. ओरडल्यासारखं वाटेल एवढ्याने बोला, समोरच्याला ते साधंच ऐकू येतं. ओळींच्या कागदावर लिहा आणि प्रत्येक अक्षर वरच्या ओळीला टेकवा. बटणं लावण्याआधी बोटं दहा-वीस वेळा पूर्ण फाकवून मिटा, बटणं खालून वर लावत या, आणि जमलं तर हे सगळं गोळी चढल्यावर करा. बसून करा, उभ्याने नको. लावताना कोणाशी बोलूही नका, दोन कामं एकदम आली की दोन्ही अडतात.

पुढेमागे दारात पाय जमिनीला चिकटल्यासारखे झाले तर ढकलू नका आणि कुणाला ओढूही देऊ नका. थांबा, अंग डावी-उजवीकडे झुलवा, समोर एक रेघ आहे असं समजून ती ओलांडा. एकाने मला सांगितलं होतं, "जिना चढतो, पण सपाट दारात अडतो." पायरी डोळ्यांना दिसते, सपाट जमिनीवर पकडायला काही नसतं. वळताना जागच्या जागी गर्रकन फिरू नका, बस वळते तसा मोठा वळसा घ्या.

आणि व्यायाम दम लागेल असा हवा. फेरफटका चांगलाच, पण तेवढ्यावर भागत नाही.

रेघोटी
सगळ्यांचे आभार. आठवडाभर करून बघून लिहितोय.

सकाळची गोळी सात वाजता, खाणं पावणेआठला (@पावणेआठ, तुमची वेळ आमच्याकडे खाण्याला गेली). मळमळ निम्म्यावर आली. बटणं सहा मिनिटं, कॉलरचं अजून बायकोच लावते. तिला सांगितलं, चेहरा वाचू नकोस, विचार, आणि एकदाच विचार. काल तिने विचारलं, "चिडलात का, हे एकदाच विचारतेय." दोघंही हसलो. माझं हसू तिला दिसलं की नाही ते विचारायचं राहिलं.

कामावर अजून सांगितलेलं नाही.

ओळींच्या वहीत दहा सह्या केल्या, दहावीसुद्धा वरच्या ओळीला टेकली. आता बँकेत नव्या सहीचा नमुना द्यायला जायचंय. तर शेवटचा प्रश्न: कोणती देऊ, गोळीआधीची की नंतरची?

पावणेआठ
दोन्ही. आणि नाही घेतल्या तर भांडायला मला बोलवा, पण गोळी उतरायच्या आत.