न्हाणीचं पाणी उतरत नाही, फरशी फोडावी लागेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूर भागात जुन्या कौलारू घरात आम्ही भाड्यानं राहतो. पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर आणि न्हाणी, परसात आड.

न्हाणीत आंघोळ झाली की पाणी घोट्यापर्यंत साचतं, उतरायला पंधरा मिनिटं लागतात. जाळी काढून खालच्या ट्रॅपमधला (पाणी अडवून ठेवणाऱ्या वाकड्या भागातला) केसांचा नि साबणाचा गुंता काढला, रबरी पंप मारला. दोन दिवस बरं, परत तेच. घरमालक काका म्हणतात, "तुमच्याच केसांनी तुंबतंय, कॉस्टिक सोडा ओता."

पण मला तसं वाटत नाही. सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतलं की न्हाणीच्या जाळीत गुडगुड होतं आणि काळपट पाणी बोटभर वर येतं. परवा त्यात भाताची शितं तरंगत होती! म्हणजे दोन्ही पाईप एकत्र होतात त्याच्या पुढं कुठंतरी अडलंय ना? कॉस्टिक ओतायची मला भीती वाटते. पाणी साचलेलंच असेल तर कॉस्टिक तिथंच राहणार, आणि नंतर कुणी हात घातला तर भाजणार. आधीच्या भाडेकरूंनी तिथं ॲसिड ओतलं होतं असं शेजारच्या काकू सांगतात. ॲसिड आणि कॉस्टिक एकत्र आले तर उसळतात.

खरी काळजी आडाची आहे. पाईप जुना, मातीचा, तो जिथं उतरतो ते सांडपाण्याचं चेंबर आडापासून चार हातांवर, आणि मधोमध शेवगा. जोड सुटला असेल तर घाण आडात झिरपणार. सासूबाई त्याच पाण्यानं भांडी घासायच्या, ते मी बंद केलंय.

भर: आज चेंबरचं झाकण उघडलं. घरातून दोन बादल्या ओतल्या तरी चेंबरात करंगळीएवढी धार. तिथून घराच्या दिशेनं पाईप साफ करायची लांब स्प्रिंग घातली, आठेक फुटांवर अडली. ओढून काढली तर टोकाला केसांसारख्या बारीक मुळ्यांचा झुपका.

मुळ्या कापल्या तरी परत वाढणार. तेवढा तुकडा काढून चार इंची पीव्हीसी घालायचा तर चाळीस फुटांना एक फूट ढाळ पुरेल का? अकरा महिन्यांच्या करारात दुरुस्तीचं काहीच लिहिलेलं नाही, मग खर्च कुणी करायचा? काका माणूस चांगले आहेत, वाद नको आहे. आणि पाईपात रंग सोडून आडात उतरतो का हे कुणी घरी करून बघितलंय का? कुठला रंग घ्यायचा, किती दिवस वाट बघायची, सांगा की.