बॅटरी नवी, तरी सेल्फ मारत नाही. कॉइल खोलण्याआधी काय तपासू?

घाटरस्ता (चिपळूण)

नमस्कार मंडळी. गाडी १५० सीसी, कार्बुरेटरवाली, सेल्फ आणि किक दोन्ही आहेत. रोज परशुराम घाट चढून लोट्याला एमआयडीसीत जातो. रात्रपाळी असली की पहाटे अंधारातच परत.

सेल्फ दाबला की सीटखालून नुसता टक-टक आवाज येतो. किकला मात्र पहिल्या झटक्यात सुरू होते. हॉर्न घोगरा झालाय, आणि ट्रॅफिकमध्ये उभं असताना इंडिकेटर लावला की तो लुकलुकायच्या ऐवजी मंद पेटून राहतो. बॅटरी पावसाळ्याआधी नवी टाकली होती, १२ व्होल्ट, ९ एएच. बाहेरून भरून आणली की आठवडाभर ठीक चालते, मग पुन्हा तेच. जादाचे लाइट वगैरे काही लावलेले नाहीत.

मेकॅनिक म्हणतो मॅग्नेटची कॉइल (इंजिनात बसलेली, वीज तयार करणारी) गेली, झाकण खोलून बदलू. कॉइल, गॅस्केट, ऑइल, मजुरी धरून आकडा मोठा होतोय. माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे. कॉइल खरंच गेली आहे का, हे इंजिन न खोलता कळेल का?

वायरिंगवाला (सांगली)

कळेल. आणि कळेपर्यंत झाकणाच्या बोल्टला पाना लावू देऊ नका. आमच्याकडे चार्जिंगच्या तक्रारीत कॉइल आधी बदलून आणलेल्या गाड्या येतात आणि दोष भलतीकडेच निघतो. गिऱ्हाइकाचे पैसे गेलेले बघून फार वाईट वाटतं.

आधी बॅटरी चार्जरवर लावून पूर्ण भरा, ९ एएचला एक अँपिअरपेक्षा जास्त नको. अर्धवट भरलेल्या बॅटरीवर घेतलेली रीडिंगं दिशाभूल करतात. भरल्यावर काही तास नुसती ठेवा आणि मोजा: १२.६ ते १२.८ आलं की भरली. १२.४ म्हणजे पाऊण, १२ म्हणजे जवळपास रिकामी.

मग मीटरच्या पिना बॅटरीच्या टर्मिनलवर धरून सेल्फ मारा. दहाच्या खूप खाली कोसळली तर बॅटरीच कमजोर. तिथे टिकली तर गाडी सुरू करा, हेडलाइट लावा, चार हजार आरपीएमच्या आसपास रेस धरा. बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. पंधराच्या वर गेलं तर रेग्युलेटर (कॉइलची वीज बॅटरीजोगी करून देणारा डबा) जास्त सोडतोय. तेराच्या खाली राहिलं तर चार्जिंग पोचत नाही, आणि मग कॉइलकडे बघायचं.

कॉइलसाठी झाकण खोलावं लागत नाही. इंजिनातून वर आलेल्या पिवळ्या वायरी रेग्युलेटरला जिथे जोडतात तो कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, सोडवा. तुमच्या गाडीला तीन पिवळ्या असतील तर मीटर एसीवर ठेवून दोन-दोनची जोडी मोजा, तिन्ही जोड्या. रेसबरोबर आकडा चढला पाहिजे आणि तिन्ही सारखे आले पाहिजेत. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, पण एक जोडी खूप कमी म्हणजे कॉइल जळाली. इंजिन बंद करून ओहमवर बघा: पिवळी ते पिवळी एक ओहमच्या आत, पिवळी ते बॉडी काहीच दिसता कामा नये. बॉडीशी जोड दिसला तर कॉइल शॉर्ट.

पुणे_ते_पन्हाळा

एक विनंती. गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची जुनी पद्धत कोणी सुचवली तर करू नका. बॅटरी नसली की व्होल्टेज उसळतं आणि रेग्युलेटर, मीटर कन्सोल उडू शकतं. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटरही जाऊ शकतो.

घाटरस्ता (चिपळूण)

दादा, सगळं मोजलं. भरून ठेवलेली बॅटरी १२.७. सेल्फ मारताना १०.६. रेसवर, हेडलाइट लावून, १२.९ च्या वर जातच नाही. पिवळ्या वायरींवर ४२, ४१, ४२, आणि बॉडीशी जोड नाही. म्हणजे कॉइल चांगली ना? मग रेग्युलेटर मागवू का?

वायरिंगवाला (सांगली)

कॉइल एकदम तंदुरुस्त आहे. रेग्युलेटर इतक्यात नको. त्याच्यापासून बॅटरीपर्यंतच्या वाटेवर काही खातंय का ते आधी बघा.

कपलर परत नीट बसवा. गाडी चालू, रेस धरलेली, लाइट लावलेला. मीटर डीसीवर. एक पिन रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह वायरीवर, कपलरच्या मागून आत सरकवून, आणि दुसरी बॅटरीच्या प्लसवर. मग तसंच निगेटिव्हला: रेग्युलेटरची अर्थ वायर ते बॅटरीचं मायनस. दोन्हीकडे पाव व्होल्टच्या आत आलं पाहिजे.

घाटरस्ता (चिपळूण)

सापडलं! प्लसच्या बाजूला ०.२, अर्थच्या बाजूला १.२. अर्थची वायर धरून धरून मागे गेलो. डाव्या साइड पॅनेलच्या आत चॅसीला एका बोल्टवर थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आहे, मडगार्डवरून उडणारं पाणी बरोबर तिथेच पडतं. थिंबलवर हिरवी पावडर, बोल्ट गंजलेला, आणि वायरचं प्लास्टिक बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन कडक झालेलं.

पण रेग्युलेटर चांगला असताना बॅटरीला कमी का पोचत होतं?

वायरिंगवाला (सांगली)

तुमचेच आकडे जोडा. १२.९ अधिक ०.२ अधिक १.२ म्हणजे १४.३. रेग्युलेटर त्याच्या तोंडाशी १४.३ देतोय. तिथे पुरेसं व्होल्टेज दिसलं की तो हात आखडता घेतो, पुढे वाटेत काय गेलं ते त्याला दिसत नाही. त्या गंजलेल्या जोडातून चार अँपिअर जात असतील तर १.२ व्होल्टने जवळपास पाच वॉटची उष्णता तयार होते. प्लास्टिक त्यानेच कडक झालं. तापल्यावर जोड आणखी सैल, सैल झाल्यावर आणखी गरम. कोकणातल्या पावसात हे फार लवकर होतं.

नुसतं घासून भागवू नका. तांब्याची तार प्लास्टिकच्या आतही काळी पडलेली असेल. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापा, नवीन थिंबल दाबून बसवा, वर सोल्डरचा डाग द्या आणि श्रिंक ट्यूब (तापवली की आक्रसणारी नळी) चढवा. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून पत्रा उघडा करा, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. मी शिवाय रेग्युलेटरच्या अर्थपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत एक जादा वायर ओढतो, चॅसीवर भरवसा ठेवत नाही.

घाटरस्ता (चिपळूण)

सगळं तसंच केलं, जादा वायरही ओढली. हेडलाइट लावून रेसवर आता १४.१. सेल्फ पहिल्या दाबात. मनापासून आभार, दादा. बॅटरीचं आयुष्य कमी झालं असेल का?

वायरिंगवाला (सांगली)

थोडं झालं असणार, अर्धपोटी राहिली की प्लेटांवर सल्फेट बसतं. पुन्हा एकदा हळू चार्जिंगवर पूर्ण भरा, मायनस काढून दोन दिवस ठेवा आणि मोजा. साडेबाराच्या खाली उतरली तर वॉरंटी कार्ड घेऊन दुकानात जा आणि लोड टेस्ट तुमच्या समोर करायला सांगा.